जंतू पोटात, मग घाव किडनीवर का?

प्रश्न : आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ‘विषबाधा’ म्हटलं की २०१७ ची फवारणीच आठवते. पण २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची लहान मुलं किडनी निकामी होऊन दगावली, त्यांतल्या बऱ्याच जणांना नागपूरला आणलं होतं, तेव्हा सुरुवातीला पाणी तपासलं, उंदीर तपासले, जंतूंचा संशय आहे असं पेपरात येत होतं. शेवटी दोष खोकल्याच्या औषधाचा निघाला. वर्गातल्या मुलांनी मला विचारलं, जंतूजवळ कुठलं विष असतं? आणि जंतू पोटात असेल तर किडनी कशी काय खराब होते? मला धड सांगता आलं नाही.
– एक शिक्षिका, महागाव तालुका

उत्तर : बाई, तुमच्या मुलांनी एका दमात दोन प्रश्न विचारलेत, आणि दुसरा पहिल्यापेक्षा अवघड आहे. पहिल्याचं उत्तर सोपं : हो, काही जंतू विष तयार करतात, आणि वजनाला वजन धरलं तर त्यांतली काही विषं फवारणीच्या औषधांपेक्षा कितीतरी पटींनी जहाल असतात. फक्त ती बाटलीत दिसत नाहीत आणि त्यांना वास येत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी आधी जपानला जावं लागेल. १८९७ साली तिथे रक्ती हगवणीची भयंकर साथ आली. नव्वद हजारांवर माणसं आजारी पडली आणि पाचांत एकाहून जास्त जण दगावले. टोकियोत कितासातो यांच्या संस्थेत कियोशी शिगा नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याने रुग्णांच्या शौचातून हगवणीचा जंतू वेगळा काढला. म्हणून तो जंतू ‘शिगेला’, आणि त्याच्या एका जातीतून निघणारं विष ते ‘शिगा विष’. पुढची कित्येक दशकं हे विष मज्जातंतूंचं मानलं जात होतं, कारण सशाला टोचलं की त्याचे पाय लुळे पडत. किडनीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गासेर या डॉक्टरांनी लहान मुलांच्या एका विचित्र आजाराचं वर्णन केलं : रक्त अचानक कमी होतं, प्लेटलेट घटतात आणि लघवी बंद होते. कारण तेव्हा सापडलं नाही. ते १९८३ मध्ये कॅनडात सापडलं. करमाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या मुलांच्या पोटात ई. कोलायच्या काही खास जाती आहेत आणि त्या जवळपास शिगाचंच विष तयार करतात.

आता हे विष करतं काय, ते पाहू. त्याचे दोन भाग असतात. एक कापणारा आणि दुसरा धरणारा. धरणारा भाग पाच तुकड्यांचं कडं आहे. गोखरूचा काटा धोतराला धरतो तसं ते कडं पेशीच्या अंगावरच्या एका ठराविक स्निग्ध रेणूला धरतं. या रेणूला जीबी-थ्री म्हणतात. ज्या पेशीवर जीबी-थ्री नाही तिथे विषाला पकड मिळत नाही. जिथे आहे तिथे ती पेशी स्वतःच विष आत ओढून घेते. आत गेल्यावर कापणारा भाग सुटतो आणि प्रथिनं तयार करणाऱ्या रायबोसोममधला एक, फक्त एकच, ॲडेनिन नावाचा घटक उपटून टाकतो. तेवढ्याने रायबोसोम कायमचा बंद पडतो. विषाचा रेणू मात्र शाबूत राहतो आणि पुढच्या रायबोसोमकडे वळतो.

मुलांना हे सांगताना एक गोष्ट जरूर सांगा, त्यांचे डोळे विस्फारतील. बांधावरच्या एरंडाच्या बीमध्ये रायसिन नावाचं विष असतं. तेही अगदी हाच ॲडेनिन उपटतं. १९८७ च्या सुमारास याएता एंडो या जपानी शास्त्रज्ञांनी रायसिनची ही करामत दाखवली आणि लवकरच शिगा विषाचीही तीच निघाली. एक झाड आणि एक जंतू, दोघांनी पेशीतली तीच एक जागा हेरलेली. (लहानपणी एरंडेल प्यायलेल्यांनी घाबरू नये. रायसिन तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं.)

तर मग किडनीच का? जंतू आतड्याच्या आतच राहतो, पण आतड्याच्या अस्तराला जखमा झाल्या की विष रक्तात उतरतं आणि रक्त जाईल तिथे जातं. दोन्ही किडन्यांचं मिळून वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे वळतो. एकेका किडनीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. सगळ्या मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात, त्यातलं बहुतेक परत रक्तात जातं आणि दीड-दोन लिटर लघवी होते. या गाळण्या म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुंतवळे. माणसाच्या शरीरात या वाहिन्यांच्या आतल्या पेशींवर नेमका जीबी-थ्री भरपूर असतो. म्हणजे रक्त इथे जास्त येतं आणि विषाला धरायला जागाही इथेच जास्त सापडते. सशाच्या शरीरात ही जागा दुसरीकडे, म्हणून त्याचे पाय गेले. गाई-बैलांच्या रक्तवाहिन्यांवर ती नसतेच, म्हणून हा विषारी ई. कोलाय आतड्यात बाळगूनही जनावर ठणठणीत असतं आणि शेणातून जंतू सोडत राहतं.

पुढची घसरण वेगाने होते. विष लागलेल्या पेशी सुजतात, मरतात, वाहिनीच्या भिंतीवरून सुटतात. शरीराला वाटतं वाहिनी फाटली, म्हणून तिथे प्लेटलेट जमून गाठी होतात. म्हणून रक्तात प्लेटलेट कमी. त्या गाठींच्या अडथळ्यातून जाताना तांबड्या पेशी चिरल्या जातात, म्हणून रक्त कमी. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींचे टोकेरी तुकडे दिसतात. आणि गाळण्याच बुजल्या म्हणून लघवी कमी. गासेर यांना दिसलेल्या तिन्ही गोष्टी अशा एकाच जखमेतून येतात. कधी मेंदूच्या वाहिन्यांनाही झळ लागते आणि मुलाला झटके येतात.

आई-बापांनी ओळखण्याची खूण मात्र वेळेची आहे. या आजारात जुलाब सुरू झाल्यापासून साधारण पाच ते तेरा दिवसांनी किडनीचा त्रास दिसतो. तोवर जुलाब बहुधा ओसरत आलेले असतात. घरच्यांना वाटतं, मूल सुधारलं. अशक्तपणा आहे म्हणून फिकट दिसतंय, पाणी कमी पितंय म्हणून लघवी कमी होतेय. रक्ताचे जुलाब थांबल्यानंतरच्या आठवड्यात मूल फिकट, मलूल, चेहऱ्यावर सूज आणि सहा-आठ तासांत लघवी नाही, असं दिसलं तर ‘अशक्तपणा’ हा शब्द बाजूला ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या किंवा यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात न्यावं. रक्ताची साधी तपासणी आणि क्रिएटिनिन एवढ्याने पुष्कळ उलगडा होतो. या विषावर उतारा म्हणून देता येईल असं औषध अजून नाही. पण पाण्याचा ताळेबंद सांभाळला, लागेल तेव्हा रक्त दिलं, गरज पडली तर काही दिवस डायलिसिस केलं, तर बहुतेक मुलांची किडनी पुन्हा सुरू होते. काहींची मात्र पुढे वर्षानुवर्षं तपासत राहावी लागते.

जुलाब बंद करायच्या गोळीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. किराणा दुकानात बिस्किटांशेजारी मिळणारी ही गोळी रक्ती जुलाबात मुलाला देऊच नये. आतडं थांबलं की विष आत जास्त वेळ राहतं. अँटिबायोटिकची गोष्ट आणखी वाकडी आहे. शिगेलाच्या हगवणीत योग्य अँटिबायोटिक द्यावंच लागतं. विषारी ई. कोलायमध्ये मात्र ते सहसा टाळतात. कारण या जंतूतला विषाचा जीन मूळचा त्याचा नाही. जंतूंनाही विषाणू लागतात, आणि अशा एका विषाणूने तो जीन आणून बसवलेला असतो. औषधाचा मारा झाला की झोपलेला विषाणू जागा होतो, जंतूला फोडून बाहेर पडतो आणि त्याच गडबडीत विषाचा लोंढा सुटतो. त्यामुळे गोळी कोणती हे डॉक्टरांनी ठरवावं, दुकानदाराने नाही.

२०११ मध्ये जर्मनीत याच विषाची फार मोठी साथ आली. पावणेचार हजारांवर लोक आजारी, आठशेहून जास्त जणांच्या किडनीवर परिणाम, पन्नासावर मृत्यू. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ घेतला गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांचा माल सडला. शेवटी धागा पोचला इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांशी. तिचे मोड काढून लोक कच्चे खात होते. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही आवडते. आपल्याकडे मोडाची मटकी बहुधा उसळीत शिजते, ही मोठी कृपा. आरोग्यासाठी कच्चे मोड खाण्याची नवी हौस ज्यांना लागली आहे त्यांनी निदान पाच वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नयेत.

आता जर्मनी सोडून आपल्या विदर्भात येऊ, कारण इथलं चित्र वेगळं आहे. शिगा विष बनवणारी शिगेलाची जात भारतात पूर्वी धुमाकूळ घालायची. १९७० च्या दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हगवणीनंतर किडनी गेलेल्या मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. १९८४ मध्ये पश्चिम बंगालात औषधांना न जुमानणाऱ्या याच जातीची साथ होती. आता ही जात फार क्वचित सापडते, हगवण शिगेलाच्या इतर जातींची असते. भारतातल्या मुलांमध्ये गासेर यांनी वर्णन केलेला आजार अजून दिसतो, पण त्यांतल्या पुष्कळांमध्ये जंतूचं विष कारणीभूत नसतं. शरीरानेच स्वतःच्या एका प्रथिनाविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं असतात, आणि त्यावर उपचार निराळे.

मग आपल्याकडे पोटाच्या जंतूने किडनी बिघडते ती बहुतेक वेळा कशाने? विष किडनीपर्यंत पोचल्याने नव्हे, पाणी संपल्याने. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याची साथ आली, उघड्या विहिरीचं पाणी पिऊन माणसं दगावली. कॉलऱ्याचं विषही बांधणीने शिगा विषासारखंच आहे, एक काम करणारा भाग आणि पाच धरणारे. पण त्याची पकड आतड्याच्या पेशींवर असते आणि काम तिथेच संपतं. रक्तात ते उतरत नाही. पेशींना ते फक्त पाणी आणि क्षार सोडत राहण्याचा हुकूम देतं. मोठ्या माणसाचं एका तासात लिटरभर पाणी जाऊ शकतं. रक्तच आटलं की किडनीला गाळायला उरतं काय? लघवी थांबते, आणि वेळ लांबला तर किडनीच्या नलिका मरू लागतात. हे नुकसान मीठ-साखरेच्या पाण्याने टळण्यासारखं असतं.

कॉलऱ्याच्या जंतूपासून वेगळं असं विष असतं, हे प्रयोगाने दाखवणारा माणूस भारतीय होता. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू गाळून काढलेलं द्रव सोडलं. तुकडा पाण्याने फुगला. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जगातल्या शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव क्वचितच दिसतं. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून ही तक्रार तुमच्याकडे करतो.

तुमच्या महागाव तालुक्याने जुलै २०२३ चा पूर पाहिला. आनंदनगरात अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर मागवावं लागलं होतं. असा पूर ओसरल्यावर विहिरीत काय काय उतरलेलं असतं ते पाणी पाहून कळत नाही. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की काम झालं, असं नसतं. पावडर जुनी, उघड्या पोत्यातली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं तरच ते खरं. जलसुरक्षकाला वर्गात बोलावून ही टेस्ट मुलांसमोर करायला लावा, दहा मिनिटांचं काम आहे.

किडनीला धक्का देणारे जंतू पोटातच असतात असंही नाही. जखमेचा पाय चिखलात पडला तर उंदरांच्या, जनावरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा नावाचा जंतू शिरतो आणि थेट किडनीच्या नलिकांत बिऱ्हाड करतो. २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर त्याची साथ आली होती. यात एक फसवणूक आहे : किडनी बिघडत असतानाही लघवी नेहमीसारखी होत राहू शकते. म्हणून ‘लघवी होतेय ना’ एवढ्यावर तापाच्या रुग्णाला सोडून देऊ नये. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसने माणसं गेली. तो गवत-झुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येतो, आणि चावल्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. बहुधा काखेत, जांघेत, जिथे कुणी पाहत नाही. या जंतूजवळ शिगासारखं सोडायचं विष नाही. तो स्वतःच रक्तवाहिन्यांच्या पेशींत घुसून बसतो. डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो, आणि ते महागही नाही.

आश्रमशाळांत पावसाळ्यात खरजेचे फोड चिघळतात, तिकडे तर फारच दुर्लक्ष होतं. त्या फोडांना स्ट्रेप्टोकोकस जंतूची लागण झाली की तीन ते सहा आठवड्यांनी मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसतो आणि लघवी काळ्या चहासारखी होते. इथे जंतूचं प्रथिन आणि ते पकडायला गेलेली प्रतिपिंडं मिळून गाळण्यांत अडकतात. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण रक्तदाब वाढून झटके येऊ शकतात, म्हणून तो मोजायला हवा.

आता छिंदवाडा. तिथल्या परासियाच्या त्या मुलांना ताप-सर्दी होती आणि मग लघवी थांबली. जंतूंचा संशय घेणं चूक नव्हतं. केंद्र सरकारच्या तपासणीत एक मूल लेप्टोस्पायराचं निघालंही. पण किडनीच्या तुकड्याच्या तपासणीत नलिकांना विषबाधा झाल्याचं दिसलं. डायइथिलीन ग्लायकॉल या रसायनाचा घाव नलिकांवर बसतो. शिगा विषाचा गाळण्यांच्या वाहिन्यांवर बसतो, आणि तेव्हा रक्तात चिरलेल्या पेशी आणि घटलेल्या प्लेटलेट दिसतात. विष हाताला लागलं नाही तरी जखमेची जागा त्याच्याकडे बोट दाखवते. ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधात पुढे तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के सापडलं. महाराष्ट्राला हे रसायन नवीन नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, तेव्हाही आरोपी हेच होतं.

प्रश्न : पाणी किंवा अन्न उकळलं की जंतूंचं विषही मरतं का?
– एक वाचक, वणी

उत्तर : विषावर अवलंबून आहे. शिगा विष आणि कॉलऱ्याचं विष ही प्रथिनं आहेत, खळखळून उकळल्यावर टिकत नाहीत. पण महाप्रसादाच्या किंवा लग्नाच्या राहिलेल्या बासुंदीत स्टॅफिलोकोकसने तयार केलेलं विष पुन्हा उकळलं तरी टिकतं. जंतू मरतो, उलट्या होतातच. त्यामुळे ‘गरम करून घेतलं होतं’ हे स्पष्टीकरण पुरेसं नाही. तासन्‌तास उघड्यावर राहिलेलं दुधाचं पक्वान्न टाकून द्यावं.

तिसराच प्रकार म्हणजे एंडोटॉक्सिन. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांनी ते ओळखलं. जंतू ते सोडत नाही, ते त्याच्या भिंतीचाच भाग असतं आणि उकळल्यावरही उरतं. ते पोटात गेलं तर काही बिघडत नाही, आपल्या आतड्यात एरवीही ते भरलेलं असतं. रक्तात गेलं तर मात्र ताप, थंडी, रक्तदाब कोसळणं आणि त्यापाठोपाठ किडनी बंद. लघवीचा संसर्ग वर चढून रक्तात पसरला की होणारं नुकसान बरंचसं याच्यामुळे. म्हणूनच डायलिसिसच्या यंत्राला जोडलेलं पाणी उकळून भागत नाही. चार तासांच्या एका बैठकीत सुमारे १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून, फक्त एका पातळ पडद्याआडून वाहतं. त्यात एंडोटॉक्सिन किती आहे हे ठराविक मुदतीने मोजावं लागतं. तुमच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल आणि यंत्र सुरू झाल्यावर दर वेळी हुडहुडी भरत असेल, तर केंद्रातल्या तंत्रज्ञाला पाण्याचा शेवटचा अहवाल कधीचा आहे, हे विचारायला संकोच करू नका.